तेल संपले की लागणारा दिवा

पणतीचा कायदा साधा आहे. तेल आहे तोवर ती जळते आणि तेल सरले की विझते. इंजिनाच्या पाटीवरचा एक दिवा मात्र अगदी उलट्या स्वभावाचा असतो. तेलाचे सारे यथास्थित असेल तोवर तो विझलेला राहतो आणि तेलाचे काही बिनसले की पेटतो. तो लाल असतो, तुरीच्या दाण्याएवढा असतो, आणि त्यावर किंवा त्याच्या शेजारी झारीसारख्या तेलाच्या भांड्याचे चित्र असते. ज्यांच्या दारी मोटार आहे त्यांना तो रोज सकाळी किल्ली फिरवताच क्षणभर दिसतो. सोसायटीच्या जनरेटरवर तो असतो. आणि ज्याच्यामुळे माझी त्याच्याशी ओळख झाली, त्या शिडाच्या नौकेतील डिझेल इंजिनावरही तो असतो.

मी मराठी शिकवणारा माणूस. यंत्रांशी माझा संबंध शब्दांपुरता. 'स्नेह' या शब्दाचे दोन अर्थ, तेल आणि माया, मी वर्षानुवर्षे वर्गात सांगत आलो आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासू नयेत म्हणून मध्ये जे राहते ते स्नेह, अशी व्याख्या केली तर ती संसाराला लागू पडते तशीच इंजिनालाही. फरक एवढाच की, संसारात स्नेह आटला तर कळायला कित्येक वर्षे जातात. इंजिनात तो आटला तर निकाल काही मिनिटांत लागतो. म्हणून इंजिनाला लाल दिवा दिलेला आहे.

शिडाच्या नौकेला इंजिन कशाला?

हा प्रश्न मीही माझ्या स्नेह्यांना विचारला होता. बँकेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ. आम्ही सारे त्यांना अण्णा म्हणतो. सव्वीस फुटी, शिडाची, दोन सिलिंडरांचे डिझेल इंजिन असलेली त्यांची एक जुनी नौका आहे. पावसाळा सरला की ती पाण्यात उतरते आणि पुढचा पावसाळा तोंडावर आला की किनाऱ्यावर चढते. मुंबईच्या बहुतेक शिडाच्या नौकांचे वेळापत्रक हेच.

अण्णांचे उत्तर सरळ होते. "वारा हा आपला नोकर नव्हे. तो संध्याकाळी पडतो, आणि नेमके तेव्हाच घरी यायचे असते." दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती शिडांच्या बळावर झाली हे खरे, पण अशा नौकांनाही इंजिन असतेच. बंदरात शिरताना, गर्दीतून वाट काढताना, बॅटऱ्या भरताना आणि वारा पडला म्हणजे इंजिनाचा आधार लागतो. मात्र त्यामुळे त्याच्या वाट्याला एक चमत्कारिक आयुष्य येते. ते वर्षातले फार थोडे तास चालते. पण ज्या तासाला चालायचे, त्या तासाला त्याने चाललेच पाहिजे.

दाब म्हणजे काय?

इंजिनातील तेलाच्या दाबाविषयी पुष्कळांचा असा समज असतो की, जितके तेल जास्त तितका दाब जास्त. तसे नसते. बागेतल्या रबरी नळीचे तोंड अंगठ्याने दाबा. पाणी जोराने उडते. अंगठा काढा; पाणी येतच राहते, पण जोर जातो. पंप नुसते पाणी पुढे ढकलतो. दाब निर्माण होतो तो अडवणुकीमुळे. इंजिनातही पंप खालच्या चेंबरमधील तेल खेचतो, फिल्टरमधून गाळतो आणि बेअरिंगांकडे पाठवतो. क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातील फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजण्याइतकी अरुंद असते. त्या अरुंद वाटेने जाताना घट्ट तेलाला जी अडवणूक होते, तीच गेजवर दाब म्हणून दिसते.

यावरून एक गोष्ट आपोआप ध्यानात येते. दाब पडला तर मुख्यतः चार कारणे संभवतात: पंपाला तेल मिळत नाही, पंप ते ढकलत नाही, तेल पातळ झाले आहे, किंवा फट रुंद झाली आहे. पाचवे कारण म्हणजे दाब पडलेलाच नाही आणि दिवा खोटे बोलतो आहे. बहुतेक निदान या पाचांच्या आतच करायचे असते.

या पातळ थराची थोरवी माणसाला कळली त्याची हकीकत मोठी मौजेची आहे. १८८३ साली इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचे एक अभियंते रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगांवर प्रयोग करीत होते. तेल ओतण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले होते. आस तेलात बुडवून फिरवला तेव्हा त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर येऊ लागले. त्यांनी बूच ठोकले. ते निघून आले. लाकडी खुंटी ठोकली. तीही वर आली. तेव्हा त्यांनी तेथे दाबमापक बसवला, तर काटा दर चौरस इंचाला २०० पौंडांच्या पुढे गेला. फिरणारा आस स्वतःच तेलाला ओढून घेऊन त्याची पाचर आपल्याखाली ठोकतो आणि तिच्यावर तरंगतो, असा याचा अर्थ होता. १८८६ साली ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले. म्हणजे चांगल्या चाललेल्या इंजिनात लोखंड लोखंडाला शिवतच नाही. पंपाचे काम ती पाचर उपाशी राहू न देण्याचे आहे. ती उपाशी राहिली की मिनिटाला दोन-तीन हजार फेरे घेणारा दांडा मऊ बेअरिंगावर कोरडा घासू लागतो. मग त्याची दुरुस्ती नौकेवर होत नाही.

दिव्याची भाषा

गेज असेल तर तो आकडा सांगतो. चालत्या छोट्या डिझेल इंजिनात दाब बहुधा दोन ते चार बार असतो. गरम इंजिन मंद चालत असता तो एक बारच्या आसपास उतरतो. मोटारीच्या टायरमध्ये साधारण दोन बार हवा असते, यावरून अंदाज येईल. नेमका आकडा ज्याच्या त्याच्या इंजिनाच्या पुस्तकात असतो आणि तोच प्रमाण मानावा.

लाल दिव्याला मात्र आकडे ठाऊक नसतात. इंजिनाच्या अंगाला एक छोटा स्विच बसवलेला असतो. दाब नसला की तो जोडलेला राहतो आणि दाब आला की तुटतो. बहुतेक छोट्या इंजिनांत तो अर्ध्या बारच्या आसपास किंवा त्याहूनही खाली बदलतो. म्हणून दिवा लागला याचा अर्थ 'दाब कमी होतो आहे' असा नसून 'दाब जवळजवळ गेला आहे' असा होतो. तो पहिली सूचना देणारा शेजारी नव्हे, दारावर धडकलेली तार आहे.

इंजिन सुरू करण्यापूर्वी किल्ली फिरवली की दाब नसतोच. तेव्हा दिवा लागला पाहिजे आणि भोंगा असेल तर वाजला पाहिजे. तो लागला नाही तर पुष्कळांना बरे वाटते. वास्तविक भीती तिथेच आहे. बल्ब गेला असेल किंवा वायर तुटली असेल, तर पहारेकरी झोपलेला आहे आणि आपण कडी न लावता बाहेर निघालो आहोत.

बंदरातील एक संध्याकाळ

गेल्या नोव्हेंबरात आम्ही अण्णांच्या नौकेतून मांडव्याकडून परतत होतो. अण्णा, त्यांचा संगणक क्षेत्रातला पुतण्या, त्याची दहा वर्षांची मुलगी आणि मी. दुपारभर वायव्येचा खारा वारा छान होता. सूर्य कलल्यावर तो मलूल झाला. शीड उभे होते, पण जोराला इंजिन चालवले होते. मोठ्या जहाजांच्या मार्गात आम्ही शिरलो आणि भोंगा वाजला. पाहतो तो लाल दिवा.

इंजिनाचा आवाज नेहमीसारखाच होता. न्हावाशेव्याकडे निघालेले एक जहाज पलीकडे दिसत होते. पुतण्या म्हणाला, "काका, सेन्सरच गेला असणार. आवाज बघा किती व्यवस्थित आहे. चालू द्या, दहा मिनिटांत मार्ग ओलांडू."

त्याचे म्हणणे अगदीच अडाणीपणाचे नव्हते. सेन्सर खरोखरच पुष्कळदा बिघडतात. अण्णांनी गिअर न्यूट्रलला आणला, इंजिन मंद केले, एकदा जहाजाकडे पाहिले, एकदा शिडाकडे पाहिले. मग ते म्हणाले, "जहाज अंगावर आले असते तर इंजिन जाळून बाहेर पडलो असतो. इंजिन नवे मिळते. पण आता आपल्यापाशी वेळ आहे आणि थोडा वारा आहे." एवढे बोलून त्यांनी दट्ट्या ओढून इंजिन बंद केले. पुष्कळ जुन्या डिझेल इंजिनांत ठिणगी नसल्यामुळे नुसती किल्ली फिरवून ती थांबत नाहीत. इंधन तोडणारा दट्ट्या ओढावा लागतो. तो कोठे आहे हे नौकेवरच्या प्रत्येकाला ठाऊक असावे.

पुढचे शीड उलगडले. अण्णांनी बिनतारी यंत्रावरून बंदराच्या नियंत्रकांना कळवले की, इंजिन बंद असून शिडावर मार्ग ओलांडतो आहोत. मला नांगरापाशी उभे केले. भरती लागलेली होती, तिनेही आत ढकलले. जहाज आमच्या मागून, बऱ्याच अंतराने, दिव्यांची वाडी चालावी तसे निघून गेले. त्या अर्ध्या तासात मुलगी एकदाही बोलली नाही. तिने माझा हात मात्र सोडला नाही. मार्गाबाहेर उथळ पाण्यात आल्यावर अण्णांनी नांगर टाकला आणि तेव्हा कोठे इंजिनाचे झाकण उघडले.

डिपस्टिक काढली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेच्या चांगले वर होते. पुतण्याचा चेहरा उजळला. "पाहा, तेल तर भरपूर आहे!"

अण्णा म्हणाले, "तेच मला आवडत नाही. तेरा तास चालण्यापूर्वी ते खुणेला होते. वहीत लिहिलेले आहे. इंजिनातले तेल घटते, राजा. वाढत कधीच नाही."

नऊ वाजता मंद वाऱ्यावर आम्ही आमच्या जागी येऊन लागलो. इंजिनाला कोणी हात लावला नाही.

मिस्त्रीची रीत

दुसऱ्या दिवशी करंज्याहून एक मिस्त्री आले. सारे आयुष्य मच्छीमारी बोटींच्या इंजिनांत गेलेले. अण्णांनी वाढलेल्या तेलाची गोष्ट सांगितली. त्यावर ते म्हणाले, "साहेब, ते कळलं. पण मी आपला पहिल्यापासून बघणार." त्यांची ती पहिल्यापासूनची रीत मला एखाद्या चांगल्या टीकाकाराच्या रीतीसारखी वाटली, म्हणून क्रमाने सांगतो.

प्रथम साक्षीदाराची तपासणी. इंजिन बंद ठेवून किल्ली फिरवली, दिवा लागला. मग स्विचवरची वायर काढून हवेत धरली, दिवा विझला. म्हणजे वायर शाबूत होती. दिवा तसाच राहिला असता, तर वायर कोठेतरी घासून इंजिनाच्या लोखंडाला लागली आहे असे ठरले असते. नौकेच्या थरथरीत आणि खाऱ्या हवेत हे वारंवार घडते. वायर ठीक असून स्विचवर संशय असेल तर तो काढून त्या भोकात साधा यांत्रिक दाबमापक लावावा. त्याला ना वायर ना बॅटरी. त्यामुळे त्याला खोटे बोलायला वावच नाही. मात्र आटे जुळतात की नाही हे आधी पाहावे. न जुळणारे आटे रेटले तर भोकच जाते.

दुसरी तपासणी डोळ्यांची. फिल्टर गंजून पाझरतो आहे का? फिल्टर बदलताना जुनी रबरी चकती तशीच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवी बसली आहे का? तसे झाले असेल तर तेल पाहता पाहता बाहेर पडते. इंजिनाखाली नौकेच्या पोटात साठलेल्या पाण्याने चेंबरचा तळ खाल्ला आहे का? बाहेरून जाणारी तेलाची लोखंडी नळी गंजली आहे का? मोटारीखाली तेल गळले तर अंगणात डाग दिसतो. नौकेत ते इंजिनाखालीच साठते आणि कोणी वाकून पाहीपर्यंत गुपित राहते.

तिसरी तपासणी तेलाची. ते बोटांत चोळून पाहिले, वास घेतला, आणि एक थेंब टीपकागदावर सोडला. थोड्या वेळाने मधल्या काळ्या ठिपक्याभोवती फिकट ओलसर वलय पसरत गेले. मिस्त्रींनी तो कागद माझ्याकडे दिला. "घ्या सर, वास घ्या." रॉकेलचा असावा तसा उग्र वास होता. तेलात डिझेल मिसळले होते.

डिझेल आत कसे गेले? टाकीतून इंधन ओढणारा एक छोटा पंप अनेक इंजिनांच्या अंगालाच बसवलेला असतो. त्यात रबराचा पडदा असतो. तो चिरला की डिझेल थेट चेंबरमध्ये झिरपते. तेलाची पातळी वाढते, घट्टपणा जातो, आणि ज्या तेलाने पाचर व्हायचे ते पाण्यासारखे फटीतून निसटते. मिस्त्रींनी पंप उघडून पडदा दाखवला. काठाला नखाएवढी चीर होती. आणखी वाढू दिले असते तर दुसरे संकट होते. चेंबरमधील पातळ तेल सिलिंडरात ओढले जाऊन इंजिन तेच जाळू लागते, बेफाम धावते आणि दट्ट्या ओढूनही थांबत नाही.

नवा पंप, नवा फिल्टर, नवे तेल. मग दाबमापक लावून इंजिन सुरू केले. थंड असता काटा चारच्या जवळ, गरम होऊन मंद चालताना दीडवर. मिस्त्रींनी इंजिनाच्या अंगाला लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाशी धरली आणि बेअरिंगांचा ठोका ऐकू येतो का ते पाहिले. ठोका नव्हता. आतील डिझेलाचा अंश धुऊन निघावा म्हणून काही तास चालवून तेल पुन्हा बदलायला सांगितले. इंजिन खोलावे लागले नाही. आदल्या संध्याकाळी ते दहा मिनिटे पूर्ण जोराने चालवले असते, तर ते मार्गाच्या मध्यावर अडकून बसण्याचा संभव होता. आणि मग शिडे उभारण्याची घाई जहाज जवळ आल्यावर करावी लागली असती.

शिडाच्या नौकेची खास दुखणी

मिस्त्रींनी चहा घेताना ज्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांपैकी काही मोटारवाल्यांना ठाऊक नसतील.

नौका वाऱ्याने एका अंगावर कलली असता इंजिन चालवले, तर चेंबरमधील तेल एका बाजूला जाते आणि पंपाच्या नळीचे तोंड उघडे पडते. दिवा लुकलुकतो. प्रत्येक इंजिन ठराविक कोनापर्यंतच कललेले सोसते. म्हणून आधी शीड सैल करून नौका सरळ करावी. तेलाची पातळीही नौका स्थिर आणि सरळ असतानाच पाहावी.

तेल दुधाळ किंवा कॉफीसारखे दिसले तर आत पाणी आहे. समुद्राचे पाणी एक्झॉस्टच्या वाटेने मागे चढू शकते. ते अडवणारा हवेचा झडपवजा तुकडा मिठाने बुजला की हा प्रकार होतो. असे दिसल्यास इंजिन एक फेराही फिरवू नये.

बंदरातील प्लॅस्टिकची पिशवी थंड पाण्याच्या तोंडावर चिकटली की इंजिन तापते, तापले की तेल पातळ होते आणि दाब उतरतो. तेव्हा उष्णतेचा काटाही पाहावा. दिवा फक्त गरम इंजिन मंद चालताना लागत असेल आणि वेग वाढवताच विझत असेल, तर पुस्तकात सांगितलेल्यापेक्षा पातळ तेल, दाब सोडणाऱ्या झडपेत अडकलेला कचरा, किंवा झिजलेली बेअरिंगे यांचा संशय घ्यावा. या क्रमानेच, कारण खर्चाचाही क्रम तोच आहे. झीज झाकण्यासाठी जाड तेल घालणे म्हणजे थर्मामीटर थंड पाण्यात बुडवून ताप उतरवणे.

चौथी गोष्ट आळसाची. शिडाच्या नौकेचे इंजिन दहा मिनिटे चालते आणि गरम होण्यापूर्वीच बंद होते. काजळी, ओल आणि आम्ल तेलात राहतात, गाळ धरतो आणि पंपाच्या तोंडाची जाळी बुजते. डिझेल इंजिनाला काम मानवते. आराम त्याला बाधतो. म्हणून अधूनमधून ते नीट गरम होईपर्यंत, थोड्या ओझ्याखाली चालवावे. आणि तेल बदलायचे ते पावसाळा संपल्यावर नव्हे, नौका किनाऱ्यावर चढवण्यापूर्वी. जुने आम्लयुक्त तेल चार महिने बेअरिंगांत मुरत ठेवू नये.

घरी काय न्यायचे?

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकांकडे शिडाची नौका नाही, माझ्याकडेही नाही. पण हा दिवा आपल्या सर्वांच्या घरी आहे. मोटार घाटात असताना तो लागला तर आवाज चांगला आहे एवढ्यावर विसंबू नये. बेअरिंग खराब होऊ लागले की आवाज येतो खरा, पण तो येतो नुकसान झाल्यानंतर. सुरक्षित जागी गाडी घ्यावी, इंजिन बंद करावे आणि मगच दिवा खरा की खोटा याची चौकशी करावी. चौकशीच्या सुरुवातीला इंजिन चालू असण्याची गरज नाही. दिवा खोटा ठरला तर आपला अर्धा तास गेला, आणि एक वायर किंवा स्विच बदलला.

दुसरे म्हणजे वही. अण्णांच्या निदानात हुशारीचा भाग थोडा आणि वहीचा भाग मोठा होता. तारीख, इंजिनाचे तास आणि तेल कोठवर होते, एवढी एक ओळ. ती नसती तर वर चढलेले तेल पाहून आम्ही सारे आनंदित झालो असतो.

अभ्यंगस्नानाच्या सकाळी घरोघर तेलाची वाटी निघते. त्या सुट्टीच्या दिवसांत पाच मिनिटे काढून गाडी सपाट जागेवर, थंड असताना डिपस्टिकही एकदा काढून पाहा. तेल खुणेच्या खाली नाही ना, हे आपण पाहालच. वर चढलेले नाही ना, हेही पाहा. आणि किल्ली फिरवताना तो लाल दिवा लागतो की नाही, इकडे मुलांचे लक्ष वेधा. अण्णांची नात आता हे काम न सांगता करते. नौकेवर पाय ठेवला की आधी ती दिवा पाहते, 'लागला!' म्हणून ओरडते, आणि मगच आजोबांना इंजिन सुरू करू देते.